शेऱ्याचा रकाना

१

कपाटात दहा वह्या असायला हव्या होत्या. गावाच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनी त्या तीनदा मोजल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून, शेवटी एकेका वहीवर बोट टेकवत. तिन्ही वेळा नऊच भरल्या. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि पाचव्या व सातव्या वहीच्या मधे चार बोटं रुंद फट.

"सहावी नाही!" असं ओरडत अध्यक्ष मटकन खुर्चीत बसायला गेले. खुर्ची हातभर लांब होती. तपासनीस बाईंनी त्यांना दंडाला धरलं म्हणून बरं, नाहीतर गावाच्या इभ्रतीबरोबर अध्यक्षही जमिनीवर आले असते.

बाई खालच्या शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून आल्या होत्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते. गुरुवारी येते असं कळवून त्या मंगळवारी सकाळीच बसमधून उतरल्या, कारण तीस वर्षांच्या नोकरीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. सांगितलेल्या दिवशी गेलं की जिथं तिथं ताजा रंग दिलेला असतो, आणि रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

कायदा तसा साधा होता. वरच्या गावानं डोंगराचा उतार राखायचा, झाडं तोडायची नाहीत, झऱ्यांजवळ जनावरं सोडायची नाहीत. त्यामुळे ओढा नितळ राहतो आणि तेच पाणी शहराच्या नळांना येतं, म्हणून शहरानं त्या राखणीचा मोबदला द्यायचा. या गावाला त्यातून दवाखान्यात नर्स मिळाली होती, शाळेला छप्पर मिळालं होतं, दिवसातून दोनदा बस मिळाली होती. अट एवढीच की ओढ्याचं पाणी रोज सकाळी तपासून वहीत लिहायचं. अशी दहा वर्षं सलग भरली की करार कायमचा होणार, आणि उताराला कुणालाच हात लावता येणार नाही. एक वही कमी पडली तर मोजणी पुन्हा एकपासून. तसं झालं तर उतारासाठी रांगेत पहिला अर्ज होता दगडखाणीचा.

"मॅडम, तुम्ही गुरुवारी येणार होता ना?" अध्यक्ष रडकुंडीला येऊन म्हणाले.

"येणार होते. आले आज. उद्या दुपारच्या बसनं परत जाणार, आणि वह्या खात्यात जमा होणार, कायमच्या. दहा असल्या तर दहा, नऊ असल्या तर नऊ."

२

कपाटाच्या चाव्या दोनच होत्या. एक अध्यक्षांकडे, दुसरी नळीकाकूंकडे.

नळीकाकू म्हणजे पाण्याची नोंद घेणाऱ्या काकू. रोज सकाळी कमरेएवढ्या उंचीची काचेची नळी घेऊन त्या ओढ्यावर जात. नळीच्या तळाशी एक काळी फुली होती. नळीत पाणी भरत जायचं आणि वरून डोकावायचं. शंभराच्या खुणेपर्यंत भरूनही फुली दिसली तर पाणी नितळ. चाळिसावरच दिसेनाशी झाली तर समजायचं, वर कुठंतरी माती सुटली.

"पहिली सहा वर्षं त्यांचा मुलगा लिहायचा," अध्यक्ष म्हणाले. "सहावं वर्ष संपलं त्या दिवशी घर सोडून गेला. आदल्या दिवशी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, गावभर ऐकू आलं. त्यानंतर ना पत्र, ना निरोप."

"मग काम काकूंनी घेतलं?"

"मागून घेतलं. मी चारचौघांत बजावलं होतं, की लिहिता-वाचता येणारंच माणूस हवं, नाहीतर सगळ्या नोंदी बाद. त्या म्हणाल्या, येतं मला."

"आणि नोंदघर, म्हणजे नोंद घेणारं घर, म्हणून करारात नाव कुणाचं?"

अध्यक्ष घुटमळले. "त्याचंच आहे अजून. बदलायचा अर्ज तसा लिहून ठेवलाय. द्यायचा राहिला."

"चार वर्षं?"

"बस फार लवकर सुटते हो."

बाईंनी पाचवी वही उघडली. तारीख, आकडा, सही, साक्षीदाराचा अंगठा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो रकाना बारीक, तिरप्या अक्षरानं काठोकाठ भरलेला होता. 'आज नळीत खेकड्याचं पिल्लू आलं. फुलीवर बसून राहिलं. ते उठेपर्यंत थांबलो, म्हणून नोंदीला उशीर.' बाईंना हसू आलं. सरकारी वहीत खेकड्याला एवढा मान मिळालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

मग नववी उघडली. आकडे टपोरे, सरळ, एकही खाडाखोड नाही. शेऱ्याच्या रकान्यात मात्र अक्षर नव्हतं. कुठं इवलासा ढग काढलेला, कुठं खूर, कुठं पान. सही तेवढी पाचव्या वहीतल्यासारखीच होती, शेपटी लांब ओढलेली. घराण्याचं वळण असेल, असं म्हणून बाईंनी पान उलटलं.

"रविवारी मी स्वतः दहाच्या दहा वह्या पुसल्या," अध्यक्ष म्हणाले. "करार मोडायला टपलेत लोक, दुसरं काय!"

"मोडायचाच असता तर हाताशी शेवटची वही होती. दोन्ही बाजूंनी घट्ट बसलेली मधली ओढून काढायची, तर तीच हवी असावी लागते."

बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबीत एक चारघडी कागद होता. नवऱ्यानं लिहिलेली सामानाची यादी. बल्ब, साबण, आणि खाली दोन रेघा ओढून 'तिचं खोकल्याचं औषध, विसरायचं नाही'. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईंनी सवयीनं कागदाला बोट लावलं आणि डबी मिटली.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

"सहावी वही गेली म्हणे?" तो माणूस गोड हसत म्हणाला.

वहीची गोष्ट अजून या खोलीच्या बाहेर गेली नव्हती.

३

तो खाणवाला होता. खाणीच्या वतीनं गावात येऊन-जाऊन असे, भेटेल त्याला पेन वाटे. त्यानं बाईंनाही एक देऊ केलं. बाईंनी घेतलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी. म्हणजे ते 'सहावी नाही' म्हणून ओरडले ना, त्या आवाजापुढं आमचा सुरुंग काय!" तो म्हणाला. "माझ्यावर संशय घेऊ नका, मॅडम. आठ दिवस मी शहरात होतो. आज तुमच्याच बसनं आलो, तुमच्या मागच्याच बाकावर. तुम्ही घोरत होता."

बाईंना ही साक्ष नाकारता येईना. त्यांच्या घोरण्याबद्दल आजवर फक्त एकाच माणसानं तक्रार केली होती, आणि आता ती ऐकायला त्यांनी काहीही दिलं असतं.

"काही चाललंय हं गावात," खाणवाला जाता जाता म्हणाला. "कंडक्टर सांगत होता, नळीकाकूंनी उद्या सकाळच्या बसची चौकशी केलीय. जन्मात कधी शहरात गेली नाही ती बाई. विचारत होत्या, कचेरीबाहेर कागद लिहून देणारे, वाचून दाखवणारे लोक अजून बसतात का. माझ्याविरुद्ध तक्रार असणार, दुसरं काय." ज्याच्या त्याच्या मनात जे असतं तेच त्याला बाहेर दिसतं. खाई त्याला खवखवे.

दुपारी बाई ओढ्याच्या उतारावर शेळीवाल्याकडे गेल्या. करारानं त्याची कुरणं बंद केली होती आणि तो हे दिवसातून चारदा बोलून दाखवी. गंमत अशी की साक्षीदाराचा अंगठा बहुतेक दिवशी त्याचाच होता, कारण त्याची झोपडी ओढ्याला लागून होती.

"करार मोडला तर तुमच्या शेळ्या पुन्हा वर जातील," बाई म्हणाल्या.

"जातील की. दोन पावसाळे चरतील. मग खाण येईल, आणि शेळ्या काय धोंडे खातील?" तो म्हणाला. "ताई, मी शिव्या देतो कराराला, तो हक्क आहे माझा. पण दहा वर्षं अंगठा उठवलाय मी. स्वतःच्या अंगठ्यावर कोण पाणी सोडेल?"

"मुलाच्या वेळची नोंद आणि काकूंची नोंद, यात काही फरक?"

शेळीवाल्यानं डोकं खाजवलं. "पोरगा दगडावर बसून लिहीतच राहायचा, आणि सही करायचा पटदिशी. काकूंचं उलटं. आकडा झटक्यात. पण सही इतकी हळू करतात, इतकी हळू, की माझ्या अंगठ्यावरची शाई वाळून जाते."

"हात दुखत असेल."

"हात कसला दुखतोय? सही झाली की तिच्यावरून बोट फिरवतात एकदा. मग वही मिटतात."

बाई चालता चालता थांबल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते खाणीकडे वाहत नव्हतं.

४

बुधवारी सकाळी बाई ओढ्यावर पोचल्या तेव्हा नळीकाकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. सकाळची बस त्यांच्याविना निघून गेली होती. नळी त्यांनी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर आणली होती.

"नळीला पेटी आहे ना?" बाईंनी विचारलं. "दहा वर्षांपूर्वी खात्यानंच दिली होती. लांबट, लाकडी."

"आहे. कडी मोडलीय तिची," काकू म्हणाल्या.

त्यांनी नळी भरली, वरून डोकावल्या. "शंभर. फुली दिसतेय. तिचं एक टोक जरा उडालंय, ते पण दिसतंय. बघा."

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. फुली दिसली. उडालेलं टोक काही दिसलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "काकू, हे तेवढं वाचून घ्या आणि सांगा, बरोबर आहे का."

काकूंनी कागदाकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. "चष्मा घरी राहिला, ताई."

"बरं," बाई म्हणाल्या आणि कागद घडी करून ठेवला. कागद कोराच होता.

५

काकूंची खोली एवढीशी होती. खाट, चूल, दोन खुर्च्या, आणि खुंटीला एक भरलेली पिशवी, प्रवासाला निघावं तशी. कोपऱ्यात नळीची पेटी उभी होती. तिची कडी नव्यासारखी चकाकत होती.

बाईंनी दार ओढून घेतलं आणि खुर्चीवर बसल्या.

"काकू, मी आधी बोलते. चुकलं तर सांगा. वही करार मोडण्यासाठी गेली नाही. मोडायचा असता तर मधली कुणी नेली नसती. सहावी गेली, कारण ती तुमच्या मुलाची शेवटची वही. ठरल्याप्रमाणे शुक्रवारी त्या वह्या खात्यात जमा झाल्या की कुणाला पुन्हा दिसणार नव्हत्या. तुम्हाला ती फक्त एक दिवस हवी होती. आज सकाळी शहरात न्यायची, कचेरीबाहेर कुणा अनोळखी माणसाकडून वाचून घ्यायची आणि रात्रीच्या आत परत ठेवायची. मी गुरुवारी आले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता."

काकू उभ्याच होत्या. टॉवेल पिळत होत्या, पण तो केव्हाच कोरडा झाला होता.

"गावात कुणाला वाचायला सांगायची सोय नव्हती, कारण तुम्हाला वाचता येतं असं गाव समजतं. अध्यक्षांनी चारचौघांत अट घातली होती. खरं कळलं असतं तर चार वर्षांच्या नोंदी बाद, अशी तुम्हाला भीती. पाण्यातल्या फुलीचं उडालेलं टोक दिसतं, मग कोऱ्या कागदाला चष्मा कशाला लागतो? आकडे तुम्ही शिकलात. शेऱ्यात चित्रं काढलीत. राहिली सही." बाई थांबल्या. "मला वाटलं होतं ते घराण्याचं वळण आहे. ती सही तुमची नाही. ते त्याचं नाव आहे. बघून बघून गिरवलेलं."

"दुसरं कुठलं अक्षर होतं माझ्याकडे?" काकू म्हणाल्या. "त्याच्या वहीत रोज खाली तेवढंच एक सारखं असायचं. म्हटलं, हेच ते. चुलीतल्या कोळशानं जमिनीवर गिरवलं महिनाभर. चार वर्षं रोज सकाळी लिहिलं, ताई. तेवढीच भेट. मी गुन्हा केलाय, मला ठाऊक आहे. मला काय करायचं ते करा. पण गावाचा करार मोडू नका. त्याच्याच हातानं सुरू झालाय तो."

"पेटी उघडा," बाई म्हणाल्या.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. ज्या नळीसाठी वह्या लिहिल्या, तिच्याच पेटीत, अस्तराखाली, सहावी वही होती. काकूंनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "लिहिता-वाचता यावं ही अट अध्यक्षांची आहे, कायद्याची नाही. कायदा म्हणतो, नोंद घराची. घरातलं कुणीही आकडा घ्यावा, नाव मात्र करारात आहे त्याचंच घालावं. आणि करारात नाव अजून तुमच्या मुलाचं आहे, कारण अध्यक्षांना चार वर्षांत बस मिळाली नाही. आकड्यांचं म्हणाल तर आमच्या खालच्या तपासणीशी तुमचा एकही आकडा अडखळलेला नाही. मी खोटं काहीच लिहिणार नाही. सहावी वही नोंदघरातच मिळाली, असं लिहीन."

काकू खाली बसल्या, आणि मग रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं.

"तुम्हाला कसं कळलं?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. "बाकी सगळे खाणीकडे बघत होते."

बाईंनी चष्म्याची डबी उघडून तो चारघडी कागद दाखवला. "सामानाची यादी आहे. माझ्या नवऱ्याच्या हातची. तीन वर्षं घेऊन फिरते. बल्ब केव्हाच आणला, खोकला पण बरा झाला."

काकूंना ती वाचता आली नाही. पण त्यांनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, सहीवरून फिरवायच्या तसं.

६

बसला अजून दोन तास होते. बाईंनी वही मांडीवर घेतली आणि शेऱ्याचा रकाना पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

'आज आईनं उतारावरून हाक मारली, डबा विसरलास म्हणून. सगळ्या डोंगराला कळलं की मी डबा विसरतो.'

'पाणी ऐंशी. आई म्हणते, वरच्या वळणावर रानडुकरानं उकरलं असेल. जाऊन पाहिलं. तसंच होतं. तिला कसं कळतं देव जाणे.'

'आज आई पाण्यात उतरली. म्हणाली, मला पण बघू दे ती फुली. बराच वेळ बघत राहिली.'

काकू मधेच हसत, मधेच "खोटारडा, दोनदाच विसरला होता" म्हणत, आणि मधेच "ते पुन्हा वाचा" म्हणत. बाई पुन्हा वाचत. वर्षाचं शेवटचं पान आलं तेव्हा बाईंचा घसा बसला होता. शेवटचा शेरा रकान्यात मावला नव्हता, समासातून खालीपर्यंत उतरला होता.

'आईला वाचता येत नाही, हे तिला आणि मलाच ठाऊक. म्हणून इथं लिहितो. मला शहर बघायचं आहे. काल ती म्हणाली, गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. ती बोलली की बोलली, म्हणून दाखवणार नाही. पण हे पाणी जिथं जातं तिथंच जातोय. पंपघराच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर खोली मिळालीय. रोज सकाळी नळ सोडून बघेन. नितळ आलं म्हणजे वर सगळं ठीक आहे. ही वही तपासायला जो कुणी येईल त्यानं आईला एवढं सांगावं, की तिनं एक हाक मारली तर मी येईन.'

काकूंनी हात पुढं करून वही मिटली.

"चार वर्षं ही त्या कपाटात होती," काकू म्हणाल्या. "आणि कुलूप रोज मीच लावत होते."

बाईंनी पिशवीतून एक कार्ड काढलं आणि पेन उघडलं. "सांगा. तुम्ही बोलाल तसं लिहिते."

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं. मग हात पुढं केला. "द्या इकडे. हाक माझी मीच मारते."

त्यांनी कार्ड गुडघ्यावर घेतलं आणि त्याचं नाव लिहिलं. हळू, खूप हळू, शेपटी लांब ओढून. आलं त्यांना तेवढंच. मग जरा थांबून खाली आजचा आकडा घातला, शंभर, आणि नावावरून एकदा बोट फिरवलं.

दुपारच्या बसला दहाच्या दहा वह्या चढल्या. अध्यक्षांनी आनंदानं कंडक्टरलाच मिठी मारली. करार कायमचा होणार म्हणून खाणवाल्याचं तोंड उतरलं, आणि शेळीवाल्यानं रिवाजाप्रमाणे कराराला चार शिव्या दिल्या. काकू बसच्या खिडकीशी आल्या.

"चार वर्षं झाली, ताई. अजून तिथं असेल?"

"माहीत नाही, काकू."

"नसला तर कार्ड परत आणू नका. तिथंच ठेवा कुठंतरी." एवढं बोलून त्या मागं सरल्या.

संध्याकाळी शहरात उतरल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. वह्या खात्यात ठेवून त्या पंपघराच्या मागच्या गल्लीत आल्या. सायकलचं दुकान होतं. दुकानदार चाकाची हवा बघत होता.

"वरच्या खोलीत कुणी राहतं का?" बाईंनी विचारलं.

"आहे की. भला माणूस, पण जरा विक्षिप्त," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "रोज सकाळी ग्लासात नळाचं पाणी धरतो आणि उजेडात बघत उभा राहतो. प्यायचं काही नाव नाही. मी म्हटलं, बाबा, काय शोधतोस त्यात?"

बाईंनी डबी उघडली. यादीच्या घडीत ठेवलेलं कार्ड काढून हातात घेतलं, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागल्या.